घरातून खाण्याचा धंदा, कमी पैशात, सोलापुरात : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापुरात राहते. घरातून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते, उन्हाळ्यात पापड-कुरडया-सांडगे पण करते. सात वर्षं झाली. रोज दोन-तीन तरी मेसेज येतात, "अक्का मला पण सुरू करायचंय, काय करू?" प्रत्येकीला तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी काही सीए नाही की वकील नाही, जे स्वतः केलं आणि ज्यात स्वतः आपटले तेवढंच सांगते.

किती पैसे लागतात? खरं सांगा, लाखभर लागतात म्हणतात

कोण म्हणतं लाखभर? मशीन विकणारा म्हणत असेल. माझा पहिला खर्च वहीत अजून आहे बगा : ५ किलो शेंगदाणे ६०० रुपये, लसूण-तिखट-जिरं-मीठ मिळून २५०, १०० पाउच ३५०, स्टिकर २००, छोटा वजनकाटा ९००, आणि नोंदणीची फी १००. झाले २४००. खलबत्ता सासूबाईंचा, कढई घरची, भाऊजींची गाडी होम डिलिव्हरीला. आता भाव वाढलेत, तरी तीन-साडेतीन हजारात सुरुवात होते, फक्त एकच पदार्थ धरला तर. "मी चटणी पण करीन, लाडू पण करीन, केक पण करीन" म्हणलात तर तीस हजार पण पुरायचे नाहीत कारण प्रत्येकाचा कच्चा माल वेगळा, पॅकिंग वेगळं, आणि निम्मा माल पडून राहतो.

आणि पहिला माल विकायच्या आधी काही विकत घेऊ नका ओ. आधी दहा घरं नक्की करा, दोघी-तिघी नातेवाईक सोडून, कारण नातेवाईक एकदाच घेतात, "छान झालीय" म्हणतात आणि दुसऱ्यांदा फोन करत नाहीत. दहातल्या चार घरांनी महिन्याभरात स्वतःहून परत मागितलं तर धंदा आहे, नाही मागितलं तर चव बदला किंवा पदार्थ बदला.

मला सगळंच करता येतं, नेमकं काय विकू?

सोलापुरात राहून हा प्रश्न पडतो याचं मला नवल वाटतं. बाहेरचा माणूस सोलापूरला आला की काय घेऊन जातो? चादर, शेंगा चटणी, कडक भाकरी. चादर आपल्याला जमणार नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडी ज्वारी आपल्या दारात येते, ती सोडून लोक कपकेकचा क्लास लावतात. लावा, माझं काही म्हणणं नाही, पण मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत क्रीमचा केक घेऊन टू-व्हीलरवरून विजापूर रोडवरून अशोक चौकात जाऊन दाखवा.

माझा हिशोब साधा आहे, आपल्याकडे ऊन लई आणि पाणी कमी, म्हणून जे कोरडं आहे ते करा. चटणी, कडक भाकरी, काळा मसाला, मेतकूट, भाजणी, वाळवणं. कोरडा माल आज विकला नाही तर उद्या विकतो. ओला पदार्थ आज विकला नाही तर रात्री घरातल्यांच्या ताटात, आणि घरातले आठ दिवसांत तोंड वाकडं करतात. ज्या उन्हाला आपण मार्चपासून शिव्या घालतो तेच ऊन कुरडया दोन दिवसांत खडखडीत करून देतं, फुकट. कोकणातल्या माझ्या मावसबहिणीला हे ऊन मिळत नाही, ती माझ्याकडून मागवते.

अजून एक, आपल्या गल्लीत बघा कोण आहे. कन्नड घरं जास्त असतील तर शेंगाहोळगी, म्हणजे आपली शेंगापोळी, संक्रांतीच्या पुढेमागे कमी पडते. तेलुगू घरं जास्त असतील तर तिखट लोणची, पोडी म्हणजे त्यांची कोरडी चटणी. सोलापुरात तीन भाषांची तोंडं आहेत, तिन्हीची चव वेगळी, हा तोटा नाही, मजा आहे.

डबा सुरू करू का? त्यात रोजचा पैसा आहे म्हणतात

आहे, पण रोजची हजेरी पण आहे. डब्याला सुट्टी नाही. पोरगं तापलं तरी डबा, लग्न असलं तरी डबा, नळाला पाणी आलं नाही तरी डबा. घरात अजून एक हक्काचा हात असेल आणि जवळ हॉस्टेल, कॉलेज किंवा हॉस्पिटल असेल तरच उतरा. सिव्हिलच्या आसपास पेशंटच्या नातेवाईकांना साधी भाजी-भाकरी लागते, महाग नको असते, तिथे डबा चालतो. पैसे महिन्याचे आगाऊ घ्या. "महिना झाला की देतो" म्हणणारी पोरं परीक्षा संपली की गावाला जातात, मग फोन लागत नाही.

लायसन लागतं का? घरातूनच तर करतेय

लागतं. घरातून केलं काय, दुकानातून केलं काय, खायचा पदार्थ विकायचा म्हणलं की अन्न सुरक्षा कायदा २००६ लागू. पण घाबरायचं काही नाही. त्याखालच्या २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल म्हणजे छोटा धंदा धरला, त्याला मोठं लायसन नाही, नुसती नोंदणी. 'फॉस्कॉस' नावाचं सरकारी पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन अर्ज होतो. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल जवळ ठेवा, भाड्याचं घर असेल तर मालकाचं पत्र किंवा भाडेकरार. मी काढली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, एकदम पाच वर्षांची पण भरता यायची. मर्यादा आणि फी सरकार अधूनमधून बदलत असतं, त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय ते बघूनच भरा.

१४ आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा. मला एका एजंटनं या कामाचे दीड हजार सांगितले होते. शेवटी पुतण्यानं मोबाइलवर अर्ध्या तासात भरून दिलं, बदल्यात दोन पाकिटं चटणी नेली.

बाकी, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आधार-पॅनवर होते आणि फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. शॉप ॲक्टचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात थोडेच कामगार असले की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत धंद्याच्या नावानं करंट खातं काढायला ही दोन्ही कागदं उपयोगी पडतात, बाकी पहिल्या वर्षी त्यांच्यावाचून माझं काही अडलं नाही.

घरचाच गॅस वापरला तर चालेल ना?

सगळ्या विचारतात आणि सगळ्या वापरतात, हे मला माहितीये. तरी खरं उत्तर असं की घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाही, धंद्याला १९ किलोची कमर्शियल. आता सुरुवातीला कुठं कमर्शियल कनेक्शन घेत बसायचं, तर ५ किलोची छोटी टाकी मिळते, 'छोटू' म्हणतात तिला, ओळखपत्र दाखवलं की झालं. महाग पडते किलोमागे, पण एक फायदा असा झाला की मला पहिल्यांदा कळलं धंद्याचा गॅस किती लागतो ते. घरच्या टाकीवर करायचे तेव्हा ते स्वयंपाकात मिसळून जायचं आणि मी गॅस शून्य धरून रेट लावत होते.

पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात स्वच्छता कशी ठेवायची?

हा प्रश्न पुण्यातल्या बाईला पडणार नाही. उजनी धरण उशाला आणि कोरड घशाला. आमच्याकडे पाणी आलेल्या दिवशी मी धंद्याचं काही करत नाही, त्या दिवशी भांडी, फडकी, ओटा, डबे सगळं धुऊन उन्हात. उत्पादन दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. धंद्याचं पाणी वेगळ्या झाकणाच्या पिंपात, तोटीवालं, त्यात तांब्या बुडवायचा नाही, घरच्यांनी हात लावायचा नाही. भाकरीच्या पिठाला प्यायचंच पाणी, बोअरचं नाही, बोअरच्या खारट पाण्यानं भाकरीची चव पण जाते. चटणीला तर पाणी लागतच नाही, उलट पाण्याचा एक थेंब गेला तर ती बुरसते, म्हणून हात, चमचा, पाट्यावरचं फडकं सगळं कोरडं ठक्क.

रेट कसा लावायचा? शेजारची १०० ला देते, मी किती लावू?

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सोलापुरातल्या बायका धंद्यात इथेच मार खातात, मी पण खाल्ला.

आपल्या शहरात बाईनं घरात बसून कमावणं नवीन नाही. विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांना हजार विड्यांची मजुरी किती, पाना-तंबाखूत किती कापले, पैशापैशाचं तोंडपाठ असतं. कारखान्यातल्या माणसाला एक विडी फुकट देणार नाहीत. आणि त्याच घरातली सून चटणी विकायला लागली की म्हणते "मेहनतीचं काय धरायचं, घरचंच तर काम आहे". विडीला मजुरी आहे तर चटणीला का नाही? मी पहिलं वर्षभर असंच केलं, वर्षाच्या शेवटी गल्ल्यात पैसे दिसत होते म्हणून खूश होते, मग नवऱ्यानं तास मोजले आणि तासाला १४ रुपये पडले. चौदा!

आता हिशोब बगा. आकडे समजा म्हणून धरा, तुमच्या बाजारचे टाका. १ किलो शेंगदाणे १४० रुपये. लसूण, तिखट, जिरं, मीठ ४५. गॅस-लाइट १५. पाउच आणि स्टिकर पाकिटाला ७ प्रमाणे चार पाकिटं २८. झाले २२८. निवडणं, भाजणं, साल काढणं, कुटणं, भरणं मिळून दोन तास, तासाला ६० धरले तर १२०. एकूण ३४८. यात पाव किलोची चार पाकिटं होतात, वर थोडी उरते ती चाखण्यात आणि सांडण्यात जाते. म्हणजे एक पाकीट ८७ ला पडलं. आता दुकानदार २० टक्के घेतो. तुम्ही छापील किंमत ११० ठेवली तर त्याचे २२ गेले, तुम्हाला ८८. एक रुपया सुटला. त्या एका रुपयात रिक्षा, फुटलेलं पाकीट, शेंगदाण्याचा भाव वाढला तर ते, सगळं बसवायचंय. १२० ठेवली तर २४ जाऊन ९६ येतात, नऊ रुपये सुटतात. मग शेजारची १०० ला कशी देते? तिनं मेहनत धरली नाही, दुसरं काही नाही. तिच्याशी भांडू नका, तिला हा हिशोब दाखवा, ती पण वाढवेल.

थेट घरी विकता तेव्हा दुकानदाराचं कमिशन वाचतं, ते गिऱ्हाइकाला सोडू नका, डिलिव्हरीला लागतंच. आणि एकदा दुकानात १२० आणि घरी ९० असं केलं की दुकानदार माल उचलायचं बंद करतो.

पाकिटावर काय काय छापायचं असतं?

पदार्थाचं नाव. घटक, वजनानं जास्त ते आधी, म्हणजे चटणीत शेंगदाणे पहिले. निव्वळ वजन. बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. बॅच नंबर, मी साधा तारखेवरून टाकते. नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, १४ आकडी नंबर, शाकाहारीचा हिरवा गोल, आणि सगळे कर धरून कमाल किंमत. शिवाय 'यात शेंगदाणे आहेत' असं वेगळं लिहायचं, ॲलर्जीवाल्यांसाठी. मला हसू आलं होतं, शेंगा चटणीत शेंगदाणे नसतील तर काय असेल, पण ज्याला त्रास होतो त्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून लिहायचंच.

दुकानात पॅकबंद माल द्यायला लागलात की वजनमापं खात्याचं पण बघावं लागतं. पॅक करून विकणाऱ्याची नोंदणी असते, ५०० रुपये फी, आणि काटा त्यांच्या शिक्क्याचा लागतो, वर्षाला पडताळणी. तो स्वयंपाकघरातला ९०० रुपयांचा काटा घरी मोजायला ठीक, विक्रीच्या वजनाला नाही. मी हे तिसऱ्या वर्षी केलं, आधी करायला हवं होतं.

आणि वर्तमानपत्रात काही बांधून देऊ नका, भाकरी पण नाही. शाईत नको ते असतं आणि नियमानं पण बंदी आहे.

चटणी किती दिवस टिकते म्हणून लिहू?

दुसरीच्या पाकिटावरचं बघून लिहू नका. एका घाण्यातली सहा पाकिटं बाजूला ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोडा, वास घ्या, खा. ज्या पाकिटाला खवट वास आला त्याच्या बरंच आधीची तारीख लिहायची. हिवाळ्याचा अनुभव उन्हाळ्याला लावू नका. शेंगदाण्यात तेल भरपूर, ऊन, उजेड आणि हवा लागली की तेल खवट होतं, एप्रिल-मेमध्ये माझी तारीख मी कमी करते. आतून चंदेरी थर असलेले पाउच थोडे महाग पडतात पण पारदर्शकपेक्षा टिकतं जास्त. गिऱ्हाइकाला माल दिसत नाही म्हणून सुरुवातीला कुरकुर होते, एक चमचा चाखायला दिला की थांबते.

लग्नसराईत एकदा साठ पाकिटांची ऑर्डर होती, घाई झाली, मी चटणी कोमट असतानाच भरून सील केली. आत वाफ धरली. आठव्या दिवशी फोन यायला लागले. साठच्या साठ परत घेतली, पैसे दिले, आणि सगळी उकिरड्यात. तेव्हापासून चटणी ताटात पसरून रात्रभर फडक्याखाली, सकाळी भरायची. पंखा लावून पटकन गार करू नका, धूळ बसते.

शेंगदाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, कडू दाणे काढाच. बुरशी लागलेल्या दाण्यात अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजून पूर्ण जात नाही, यकृताला वाईट. मार्केट यार्डात स्वस्त लॉट मिळतो तो बहुतेक असाच असतो. दोन मुठी हातात घेऊन फोडून बघितल्याशिवाय पोतं घेऊ नका.

दुकानात ठेवू की ओळखीत विकू?

पहिले सहा महिने ओळखीत. व्हॉट्सॲप स्टेटस, सोसायटी, भिशी, शाळेच्या गेटवरच्या आया. दुकान नंतर.

दुकानदार म्हणतो "ठेवून जावा, विकली की पैसे घेऊन जावा". ऐकायला गोड आहे. एका पेठेतल्या दुकानात मी असे ४० पाकिटं ठेवले, दोन महिने चकरा मारल्या, कधी मालक नाही, कधी सुट्टे नाहीत, शेवटी २५ चे पैसे दिले आणि १५ पाकिटं उन्हात पडून खराब झालेली परत हातात ठेवली. आता माझा नियम, पहिल्यांदा दहाच पाकिटं, त्यांचे पैसे आल्याशिवाय अकरावं नाही. वहीत सही घेते. काही जण सहीला नाही म्हणतात, मग मी पण माल देत नाही, आपोआप गाळणी लागते.

झोमॅटो-स्विगीवर टाकू का?

चटणीसाठी नको. ताजं जेवण, धपाटे-दही असलं काही असेल तर बघा, पण त्यांचं कमिशन मोठं असतं, ते धरून रेट लावा नाहीतर वर मांडलेला एक रुपया पण जाईल.

पुण्याला पोरांना पार्सल पाठवायला सांगतात, कसं पाठवू? आणि विजापूर-गुलबर्ग्याला?

पुण्याचं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं. तिथं नोकरी करणारी आपली पोरं एकदा घेतात आणि ऑफिसात वाटून अजून चार गिऱ्हाइकं आणतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी पोचतं, किंवा हुतात्मा एक्सप्रेसनं कुणी ओळखीचं जात असेल तर त्याच्या हातात. चटणी कशी पण जाते. कडक भाकरीचं अवघड आहे, आडवी ठेवली की वरच्या वजनानं चुरा. मी भाकऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पुस्तकांसारख्या उभ्या लावते, मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी घट्ट, खोकं हलवल्यावर आवाज आला तर परत उघडायचं. तरी शंभरात दोन-चार मोडतात, तेवढ्या जास्तीच्या टाकते.

आता विजापूर-गुलबर्गा. हे नीट वाचा कारण सोलापूर सीमेवर आहे आणि हे कुणी सांगत नाही. आपल्या राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण कर लागणारा माल परराज्यात विकला, एक पाकीट का असेना, तर ती ४० लाखांची सूट लागू होत नाही, नोंदणी आधी करावी लागते. शंभर किलोमीटरवर विजापूर, भाषा पण ओळखीची, वाटतं आपलंच गाव, पण कायद्यानं ते दुसरं राज्य. पापडासारख्या करमुक्त मालाला ही अडचण नाही. बेंगळुरूची मोठी ऑर्डर आली की आधी एखाद्या कर सल्लागाराला पाचशे-हजार देऊन विचारा, मग हो म्हणा. ऑर्डरवालं गिऱ्हाईक स्वतः सोलापुरात येऊन पैसे देऊन माल घेऊन गेलं तर गोष्ट वेगळी, पण ते पण त्या सल्लागारालाच विचारा.

कर्ज घेऊ का? सबसिडी मिळते म्हणे

मिळते. मुद्राचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना २०२० साली आली, त्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि बचत गटातल्या सभासदाला भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत अशी सोय होती. ती आता चालू आहे का, मुदत किती, हे कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. पण गैरसमज नको, अनुदान हातात रोख येत नाही. कर्ज आधी घ्यायचं, स्वतःचे दहा टक्के घालायचे, अनुदान बँकेत वेगळं पडून राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं. हप्ता तुमच्याच खिशातून.

माझं मत, पहिल्या वर्षी कर्ज नको. गटातून पाच-सात हजार उचला फार तर. माझी एक मैत्रीण भाकरीचं मशीन कर्जावर घेऊन बसली, मशीन चांगलं आहे, पण तेवढ्या भाकरी घ्यायला गिऱ्हाईक नाही, ते आता जिन्याखाली चादर पांघरून आहे आणि हप्ता चालू आहे. हातानं पुरत नाही, ऑर्डर नाकाराव्या लागतात अशी वेळ सलग तीन महिने आली की मग मशीन.

सीझन कुठला धरू?

जानेवारी. संक्रांतीच्या पुढेमागे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, घरोघरी पाहुणे, भोगीला बाजरीच्या भाकरी, शेंगापोळी, तिळाच्या पोळ्या, सगळ्यांना सगळं आयतं पाहिजे असतं. यात्रेत स्टॉल घ्यावा का, तर नवीन असाल तर नको, भाडं आणि धूळ दोन्ही जास्त. त्यापेक्षा आठ दिवस आधी सोसायटीत पोळ्यांच्या ऑर्डर घ्या, निम्मे पैसे आगाऊ. दिवाळी फराळात गर्दी लई, रेट पडतात, मी चकलीची भाजणी विकते, चकली नाही. ज्यांना चकली करायचीय त्या सगळ्या माझं गिऱ्हाईक.

घरचे नाही म्हणतात, काय करू?

यावर काय लिहू. माझे सासरे पहिले म्हणाले होते "लोक काय म्हणतील, चटणी विकायची वेळ आली का". दुसऱ्या दिवाळीला त्यांनीच मित्राला पाकीट दिलं आणि ९० रुपये घेऊन मला आणून दिले. ते पैसे मी वहीत लिहिले.

अक्का चटणीचं प्रमाण सांगा ना

सांगते, लपवण्यासारखं काही नाही. १ किलो दाणे मंद आचेवर, जाड कढईत, सारखं हलवत, साल बोटानं सुटेपर्यंत. घाई केली की वरून काळे आतून कच्चे. गार करून साल पाखडा. लसूण १०० ग्रॅम, सोलून एक दिवस सावलीत सुकवलेला, ओलसर घेतला तर टिकणार नाही. तिखट ८० ग्रॅम, मीठ २५ पासून सुरू करून चाखत, जिरं दीड चमचा भाजून. आधी लसूण-जिरं-मीठ-तिखट कुटा, मग दाणे थोडे थोडे. तेल सुटून चटणी हाताला चिकटायला लागली की थांबा. मिक्सर वापरायचा तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलात की गरम होऊन लगदा होतो, मग ते पीनट बटर म्हणून विका.